बंदीजनांचे दंतारोग्य

कारागृहातील आरोग्याचा विचार होतो तेव्हा क्षयरोग, त्वचारोग व मानसिक ताण यांची दखल घेतली जाते. दाताचे दुखणे मात्र बहुधा ते असह्य झाल्यावरच वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कानी पडते. किडलेला दात काढावाच लागतो, ही समजूत बंदी आपल्या गावाहूनच घेऊन आलेला असतो.

सवयीही तेथल्याच. मशेरी म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखू. तिने दात घासले जातात असे वाटते. प्रत्यक्षात हिरड्यांवाटे निकोटीन शरीरात जाते व व्यसन जडते. दुखऱ्या दाताशी तंबाखूची चिमूट धरल्याने वेदना घटकाभर बोथट झाली, तरी कीड आत पसरतच राहते. सुपारीचा अपाय निराळा. तिच्या नित्य सेवनाने गालांचे आतील अस्तर ताठर होते आणि तोंड उघडेनासे होते. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी व तंबाखू यांची सवय त्यामुळे सुटली असे नाही. कारागृहातील रिकामा वेळ आणि खटल्याची चिंता यांनी ती बळावण्याचाच संभव अधिक.

प्रवेशाच्या वेळी बंद्याची प्रकृती तपासून नोंद करावी, असे १८९४ च्या कारागृह अधिनियमानेच सांगितले होते. या तपासणीत तोंड पाहण्यास फार तर दोन मिनिटे लागतात; साहित्य म्हणजे एक विजेरी व जीभ दाबण्याची पट्टी. बंद्याची स्वतःची तीन बोटे एकावर एक ठेवून तोंडात जात नसतील, गालात पांढरा वा लाल चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल, तर त्यास विनाविलंब दंतवैद्याकडे पाठवावे. कर्करोगाची ती पूर्वसूचना असू शकते.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या मंडेला नियमांनुसार प्रत्येक बंद्यास पात्र दंतवैद्याची सेवा उपलब्ध असली पाहिजे. दंतवैद्य कारागृहाबाहेर असल्यास पोलीस पहारा लागतो. तो न मिळाल्यास तारीख टळते, आणि भरून वाचला असता असा दात शेवटी काढावा लागतो. शिवाय २०२२ अखेर देशातील दर शंभर बंद्यांपैकी सुमारे ७६ न्यायाधीन होते. जामीन होताच त्यांचे उपचार अर्धवट राहतात. यासाठी सुटकेच्या वेळी उपचाराची चिठ्ठी त्यांच्या हाती द्यावी आणि सरपंच व आरोग्यसेवकांनी गावाजवळच्या शासकीय रुग्णालयात पुढील उपचाराची सोय पाहावी.

ब्रशच्या दांड्यास धार लावता येते, ही सुरक्षा कर्मचाऱ्यांची शंका निराधार नाही. आखूड, लवचिक दांड्याचा ब्रश हा त्यावर परदेशांतील कारागृहांनी काढलेला तोडगा आहे. ब्रशबरोबर फ्लोराइडयुक्त पेस्टही हवी. राखुंडीच्या खरखरीत कणांनी दात झिजतात. आणखी एक साधी गोष्ट : सायंकाळचे जेवण लवकर होऊन बराकी बंद होतात. झोपण्यापूर्वी दात घासण्यास पाणी व जागा बराकीतच मिळेल, अशी व्यवस्था तुरुंगाधिकाऱ्यांना वेगळ्या खर्चाविना करता येईल.