घाटमाथ्यावरची सायकल

मुलगी वयात आली की सायकल बंद, हे वस्तीत काम करताना मी फार पाहते. म्हणूनच मैत्रिणींनो, इटलीतल्या एका घाटाची ही गोष्ट.

कोमो सरोवराकाठच्या बेल्लाजिओ गावातून घिसाल्लोचा घाट चढतो. जेमतेम दहा किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरची चढण! सुरुवातीलाच दम निघतो, मध्ये जरा उसंत मिळते, शेवटी पुन्हा खडा चढ. माथ्यावर मेरीमातेचं छोटंसं चॅपेल आहे. १९४९ मध्ये पोपनी या मातेला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केलं. तिथे नामवंत शर्यतपटूंच्या सायकली जपून ठेवल्यात.

त्यांत एक आल्फोन्सिना स्त्रादाची. गरीब मजुराची लेक. चौदाव्या वर्षी लग्न झालं, अन् नवऱ्याने भेट दिली ती सायकलच! १९१७ मध्ये तिने पुरुषांबरोबर लोम्बार्दियाची शर्यत पूर्ण केली. १९२४ च्या ‘जिरो’त, साडेतीन हजारांवर किलोमीटरच्या शर्यतीत, एका टप्प्यात वेळ चुकली आणि क्रमवारीतून नाव गेलं. तरी बाई मिलानपर्यंत गेलीच.

घाट काही बाई-पुरुष बघून चढ कमी-जास्त करत नाही. अडवतात ती माणसं. आपल्या लेकीला अडवणारे आपण नसावं, एवढं तरी आपल्या हातात आहे ना?