लेझरच्या बेडवरचा चुंबक : ऐकीव आणि खरं

आषाढ लागला की लेझर कटिंगच्या दुकानांत मखरांची कामं सुरू होतात, आणि नेमका त्याच दिवसांत हवेतला ओलावा प्लायवूडमध्ये शिरतो. ३ मिलिमीटरची शीट बेडवर टाकली की भाजलेल्या पापडासारखी मधोमध फुगते, नाहीतर एक कोपरा वर काढून बसते. मग अर्धी नक्षी आरपार कापली जाते आणि अर्धी शीटलाच चिकटून राहते. अशा वेळी कुणीतरी कडेला चार चकचकीत चुंबक ठेवतं आणि शीट मुकाट्याने खाली बसते. उपाय स्वस्त आहे, चांगलाही आहे. पण त्याच्याबद्दल दुकानादुकानांत जे ऐकायला मिळतं, त्यातलं निम्मं चुकीचं असतं.

सगळ्यात जास्त ऐकलेली शंका म्हणजे चुंबकामुळे लेझरचा किरण वाकेल. ही शंका कुठून आली असावी ते माझ्या पिढीला सांगायला नको. जुन्या खोक्याच्या टीव्हीला चुंबक लावून चित्राचे रंग बिघडवणं आणि मग घरच्यांचा मार खाणं हे आमच्यातल्या अनेकांनी केलेलं आहे. त्या टीव्हीच्या काचेमागे इलेक्ट्रॉनचा झोत असायचा. इलेक्ट्रॉनवर विद्युतभार असतो, म्हणून चुंबक त्याला बाजूला ओढू शकायचा. लेझर म्हणजे प्रकाश, आणि प्रकाशाच्या कणांवर भार नसतो. बेडवर कितीही चुंबक मांडा, किरण होता तिथेच पडणार. उलट, यंत्राचं डोकं इकडून तिकडे नेणाऱ्या स्टेपर मोटरच्या पोटातही बहुधा चुंबकच असतो. त्याने आजवर कुणाचा कट बिघडवलेला नाही.

जाता जाता एक सांगतो. लाकूड आणि अ‍ॅक्रिलिक कापणाऱ्या या यंत्रांत बहुतेक करून कार्बन डायऑक्साइडचा लेझर असतो. तो १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी तयार केला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंगची पदवी पुण्याची. मखर कापताना हे आठवलं तर बरं वाटतं.

दुसरा समज असा की लेझर शीटला ढकलतो, म्हणून ती धरून ठेवावी लागते. हे राउटरच्या बाबतीत खरं आहे. तिथे फिरणारं पातं लाकडाला रेटतं. प्रकाशाचाही दाब असतो, पण ६० वॅटच्या किरणाचा जोर साखरेच्या एका दाण्याच्या वजनाहूनही कितीतरी कमी भरतो. शीट सपाट हवी ती फोकससाठी. नेहमीच्या २ इंची लेन्सचा किरण साधारण २ ते ३ मिलिमीटरच्या उंचीतच पुरेसा बारीक असतो. शीट ४-५ मिलिमीटर वर आली की तिथे ठिपका पसरतो. ठिपक्याचा व्यास दुप्पट झाला तर क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणजे तेवढीच पॉवर चौपट जागेत वाटली जाते. ‘पॉवर वाढव की’ हा सल्ला इथे हमखास मिळतो. त्याने कट कदाचित आरपार जाईल, पण फट रुंद होते, कडा करपतात, आणि एकमेकांत अडकवायच्या खाचा सैल पडून मखर डुगडुगतं.

आता बेडकडे वळू, कारण माझ्या मते खरी गोम इथेच आहे. ‘बेड धातूचा आहे, म्हणजे चुंबक चिकटणारच’ असं धरून लोक चुंबकाचं पाकीट मागवतात आणि ते उघडल्यावर कपाळाला हात लावतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी लोखंडी असेल तर चुंबक धरतो. पण अनेक यंत्रांत ती अ‍ॅल्युमिनियमची असते, आणि अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही. स्टील या शब्दावरही विसंबू नका. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक जवळपास लागतच नाही. भांडी पारखून घेणाऱ्यांना हे केव्हाचं ठाऊक आहे. जाळी लोखंडी निघाली तरी पाकिटावर लिहिलेली ताकद मिळत नाही. ती ताकद जाड लोखंडी पाटाला थेट चिकटवून मोजलेली असते. इथे मध्ये ३ मिलिमीटरचं प्लायवूड आणि खाली पत्र्याच्या पातळ धारा. थोड्याशा अंतरानेही चुंबकाची ओढ झपाट्याने घटते.

बेड अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर उगाच खटपट करू नका. प्लायवूडच्याच तुकड्यातून आकड्यासारख्या खुंट्या कापा आणि जाळीच्या छिद्रांत खोचा. वाकलेली शीट त्या उत्तम दाबून धरतात.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. शीट कुठल्या बाजूने ठेवता याला चुंबकाच्या ताकदीपेक्षा जास्त महत्त्व आहे. फुगवटा वर ठेवला तर कडा आधीच बेडला टेकलेल्या असतात. तिथे चुंबक ठेवून काहीच होत नाही, आणि फुगवट्यावर ठेवावा तर तो नक्षीच्या आड येतो. शीट उलटी करा, वाटीसारखी, कडा वर. आता कडेचे चुंबक त्यांना खाली ओढतात आणि मधली जागा कटाला मोकळी राहते. पीळ पडलेल्या किंवा फारच वाकलेल्या शीटला मात्र हे लागू नाही; ती बाजूला काढा. चुंबकाने प्लायवूड कायमचं सरळ होतं असंही नाही. चुंबक उचलला की शीट पुन्हा बाक धरते. कापलेले तुकडे लहान असतात, त्यांच्यात तो जाणवत नाही इतकंच.

मोठा चुंबक जास्त चांगला, हा समज मला एका पूर्ण शीटला पडला. नोझल आणि शीट यांच्यात काही मिलिमीटरचीच जागा असते. मी ठेवलेला जाडजूड चुंबक त्याहून उंच निघाला, डोकं त्याला धडकलं आणि पुढची सगळी नक्षी बोटभर सरकून कापली गेली. चुंबक पातळ आणि चपटे घ्या, कापायच्या रेषांपासून दूर ठेवा, आणि सुरू करण्याआधी डोकं कामाच्या चौकटीवरून एकदा रिकामं फिरवून पाहा. ऑटोफोकसची कांडी चुंबकावर टेकली तर सगळ्या शीटचा फोकस चुकतो, तेही बघा. किरण चुंबकावरून जाऊ देऊ नका. त्याचा निकेलचा मुलामा या किरणांचा बराचसा भाग परत उडवतो, आणि साधा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर तापला की ताकद गमावू लागतो. जुन्या हार्ड डिस्कमधून निघणारे चुंबक मात्र मला आवडतात. भंगारात मिळतात आणि चपटे असतात.

चुंबक लावले म्हणून यंत्र सोडून चहाला जाता येत नाही. ते शीट धरतात, सुटलेले तुकडे नाही. एखादा तुकडा तिरका उभा राहून डोक्याला अडकू शकतो, आणि लाकूड पेट घ्यायला फार वेळ लागत नाही.

निओडिमियम चुंबक ठिसूळ असतात. एकमेकांवर आपटले की कपच्या उडतात आणि मध्ये सापडलेलं बोट चांगलंच चिमटतं. छातीत पेसमेकर असलेल्यांनी ते किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवावेत. घरातच वर्कशॉप असेल आणि लहान मूल असेल तर सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या. पोटात गेलेले दोन चुंबक आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पाडू शकतात. म्हणून काम संपलं की चुंबक मोजून डब्यात टाका. सहा काढले असतील तर सहाच परत गेले पाहिजेत.