वकील व्हायचंय? सनदेचा खर्च आधी समजून घ्या

नाशिक : बांधाचा वाद असो की वाटणीचा, गावाला वकील लागतोच. पोरांना वकील करायचं तर बारावीनंतर ५ वर्षांचा किंवा पदवीनंतर ३ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आधी राज्याची सीईटी द्यावी लागते. नाशकात एनबीटी, मविप्र ही विधी महाविद्यालये आहेत.

मात्र नुसत्या पदवीवर वकिली करता येत नाही. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद लागते, शिवाय ऑल इंडिया बार परीक्षा पास व्हावी लागते.

अनेक राज्यांत सनदेसाठी हजारो रुपये घेतले जायचे. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने त्याला चाप लावला. नोंदणी शुल्क अनुसूचित जाती-जमातींना १२५, इतरांना ७५० रुपयेच. मुद्रांक शुल्क वेगळं. त्यावर कुणी जास्त मागितले, तर हा निकाल दाखवा.