खरज कपाटात असतो

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या फिल्को कंपनीचा 1930च्या दशकातला कन्सोल रेडिओ म्हणजे जमिनीवर उभं राहणारं लाकडी कपाटच. आज अनेकजण त्यातली यंत्रणा उपसून आत बाटल्या मांडतात किंवा ब्लूटूथ स्पीकर बसवतात. खरा रेडिओ म्हणजे आतले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या, आणि लाकूड केवळ दिवाणखान्यात मिरवण्यासाठी, अशी त्यामागची समजूत. मला ती साफ चुकीची वाटते. तंबोऱ्याचा भोपळा फेकून तारा जपाव्यात, तसा हा प्रकार आहे.

फिल्को मुळात रेडिओवाली कंपनी नव्हे. 1892मध्ये हेलिऑस इलेक्ट्रिक या नावाने ती सुरू झाली, 1906मध्ये फिलाडेल्फिया स्टोरेज बॅटरी कंपनी झाली. त्याच नावाचं आखूड रूप म्हणजे फिल्को. सुरुवातीच्या रेडिओला तेजाबाची जड बॅटरी लागे. पुढे घरच्या विजेवर रेडिओ चालवून देणारं जोडउपकरण फिल्कोने विकलं. पण 1927च्या सुमारास थेट विजेवर चालणारे व्हॉल्व्ह आले, त्या उपकरणाची गरजच उरली नाही आणि 1928मध्ये कंपनी स्वतःच रेडिओ बनवू लागली. बॅटऱ्या गेल्या आणि कपाटाचा खालचा भाग मोठ्या स्पीकरला मोकळा मिळाला. इथेच लाकडाचं काम सुरू होतं. स्पीकरचा कागदी शंकू पुढची हवा ढकलतो तेव्हा मागची हवा ओढतो. उघड्यावर ठेवला, तर खालच्या सुरांत या दोन लाटा एकमेकींना पुसून टाकतात. रुंद फळी आणि खोल बाजू त्यांना लांबचा वळसा घ्यायला लावतात, म्हणून खरज टिकतो. फिल्कोच्या ‘एक्स’ अक्षराच्या कन्सोलांत तर ही फळी तिरपी बसवलेली असे, म्हणजे आवाज बसलेल्या माणसाच्या कानाकडे वर जाई. नुसतं मिरवायचं असतं, तर कापडाआड न दिसणारी फळी कलती करण्याचा खटाटोप कोण करील?

मग 1930मध्ये फिल्कोनेच आणलेला कमानदार माथ्याचा टेबल रेडिओ धडाक्यात का खपला? कारण ते मंदीचे दिवस होते आणि तो स्वस्त होता. त्या खपातून खिशाचा अंदाज येतो, आवाजाचा नाही. कन्सोलचा खरज जास्तच घुमतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. मागून उघडी पेटी काही सूर फुगवते. पण तेव्हाच्या मध्यम लहरींवर केंद्रं दहा-दहा किलोहर्ट्‌झच्या अंतराने खेटून बसवलेली असल्यामुळे रेडिओत वरचे सूर कापलेच जात. वरची बाजू अशी तोकडी असताना खालून भरीव आधार दिला, की माणसाचा आवाज माणसासारखा वाटे. अक्रोडाचा चकचकीत पापुद्रा डोळ्यांसाठी होता, हे मान्यच.

यंत्रणा आणि कपाट यांची फारकत करणाऱ्यांनी स्पीकरच्या मागचं एक वेटोळं पाहावं. तेव्हाच्या अनेक स्पीकरांत कायमचं चुंबक नसे. तांब्याच्या तारेचं जाडजूड वेटोळं विजेने चुंबक बने आणि तेच वेटोळं व्हॉल्व्हना जाणाऱ्या विजेतली घरघरही गाळून काढे. कपाटाच्या फळीवर बसवलेला असा स्पीकर काढून ठेवला, तर व्हॉल्व्हना लागणारी उच्च दाबाची वीजच पोचत नाही.