स्वरबहिरेपण

एखादा माणूस बेसूर आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात तीन निरनिराळी माणसे कोंबलेली असतात. पहिल्याला सूर नीट कळतो, पण गळा त्याचे ऐकत नाही. दुसऱ्याचे कान वयाने, आजाराने किंवा यंत्रांच्या खडखडाटाने कामातून गेलेले असतात. तिसऱ्याचे कान धडधाकट, गळाही बरा. परंतु दोन स्वरांमध्ये जो उंचसखलपणा आहे तोच त्याच्या जाणिवेत उतरत नाही. शास्त्रज्ञ ज्याला स्वरबहिरेपण म्हणतात ते या तिसऱ्याचे. पहिल्याला रियाज उपयोगी पडेल, दुसऱ्याला कानाचा डॉक्टर आणि प्रसंगी न्यायालय. तिसऱ्याला यांतले काहीच फारसे कामाचे नाही. या तिघांना एका तागडीत तोलू नये, एवढ्यासाठी आजचा विषय आम्ही निवडला आहे.

कामगार संघटनेच्या माणसाने गाण्याच्या वाटेला का जावे, अशी शंका श्रोत्यांपैकी कोणाला आली असेल तर ती रास्तच आहे. पण श्रोतेहो, आमच्या सभा गाण्याशिवाय सुरू होत नाहीत. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, आणि डफ व तुणतुणे हे आमच्या चळवळीचे कायमचे सभासद झाले. वर्गणी मात्र त्यांच्याकडून घेत नाही! सभेत हजार माणसे गाऊ लागली की त्यांत काही ओठ नुसते हलताना दिसतात. विचारले तर उत्तर ठरलेले: शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजींनी सांगितले होते, तू नुसते तोंड हलव, आवाज काढू नकोस. मालकापुढे न डगमगता बोलणारा माणूस चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या एका वाक्यापुढे आजही मान खाली घालतो. ते वाक्य खरे होते की खोटे, हे तपासून पाहण्याचे साधन आज उपलब्ध आहे. ते साधन कोणते, हे पाहू.

प्रथम स्वर म्हणजे काय ते पेटीवर पाहू. पेटीची एक पट्टी दाबली आणि मग तिला लागून असलेली पट्टी दाबली, मग ती काळी असो वा पांढरी, तर हवेच्या कंपनांची संख्या सुमारे सहा टक्क्यांनी वाढते. सेकंदाला ४४० कंपने असतील तर शेजारच्या पट्टीला ४६६ होतात. हे अंतर आपल्या संगीतात किती मोलाचे आहे पाहा. भूप रागात पाच स्वर: सा, रे, ग, प, ध, सगळे शुद्ध. त्यांतला गंधार तेवढा एक पट्टी खाली आणून कोमल करा, बाकी काही हलवू नका. तुमच्यापुढे शिवरंजनी उभी राहते. एकाचा शांत, प्रसन्न चेहरा, दुसरीचा व्याकूळ. रागाचे नाव माहीत नसलेल्या माणसालाही काहीतरी बदलले एवढे कळतेच. स्वरबहिऱ्या माणसाला ते कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही एकच.

अशा माणसाचे पहिले व्यवस्थित वर्णन ग्रँट ॲलन या लेखकाने १८७८ साली ‘माइंड’ या इंग्रजी नियतकालिकात केले. तिशीतला सुशिक्षित तरुण, ऐकण्यात कसलाही दोष नाही, लहानपणी संगीताची शिकवणीही झालेली. पण पियानोवरचे शेजारचे दोन स्वर त्याला वेगळे सांगता येत नसत. रंगांधळेपणाच्या धर्तीवर ॲलनने याला स्वरबधिरता असे नाव दिले. त्याच्या दोन वर्षे आधी, १८७६ साली लिहिलेल्या आत्मवृत्तात चार्ल्स डार्विनने स्वतःविषयी असेच काही नमूद करून ठेवले आहे. केंब्रिजला असताना किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरातले गायन ऐकून त्याच्या अंगावर रोमांच उभे राहत. पण सूर चुकला तर ते त्याला समजत नसे, ताल धरता येत नसे, एखादी चाल नीट गुणगुणता येत नसे. त्याच्या मित्रांनी गंमत म्हणून त्याची परीक्षा घ्यावी: ओळखीची चाल जरा जलद किंवा जरा संथ वाजवावी आणि ही कोणती ते विचारावे. त्या वेळी खुद्द राष्ट्रगीतसुद्धा त्याच्यापुढे कोडे होऊन बसे. डार्विनला नक्की कोणता दोष होता याचे निदान आज कोणी करू शकणार नाही. मात्र गाणे आवडणे आणि गाणे उमगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रामाणिक माणसाच्या कबुलीवरून स्पष्ट होते.

पुढे शंभर वर्षे या विषयात तुरळकच भर पडली. पद्धतशीर शोध सुरू झाला तो कॅनडातील माँट्रियल येथे, इझाबेल पेरेत्झ या संशोधक बाईंच्या प्रयोगशाळेत. त्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीतली स्त्री व्यवसायाने परिचारिका, वय चाळिशीचे. संगीत तिला कायमच गोंगाटासारखे वाटे. तरी चारचौघांच्या आग्रहाखातर ती चर्चच्या गायनवृंदात आणि शाळेच्या वाद्यवृंदात बसलेली होती. म्हणजे शिकण्याची संधी मिळाली नाही असे म्हणण्याची सोय नाही. तिची श्रवणशक्ती तपासली, बुद्धी तपासली, स्मरणशक्ती तपासली, सगळे ठीक. स्वरांचा चढउतार तेवढा तिला कळत नव्हता.

याच प्रयोगशाळेतला २००४ सालचा एक प्रयोग आम्हांला फार आवडतो, कारण तो पेटीवर कोणालाही समजावून देता येतो. एकच स्वर पाच वेळा वाजवायचा. कधी चौथा स्वर किंचित उंच किंवा खाली न्यायचा, कधी तो किंचित लवकर किंवा उशिरा वाजवायचा. काही बदलले का, एवढाच प्रश्न. वेळेतला बदल स्वरबहिऱ्यांनी इतरांइतकाच अचूक पकडला. स्वरातला बदल एका पट्टीचा किंवा त्याहून कमी असला की मात्र ते चाचपडू लागत. यावरून दोष सगळ्या कानाचा नाही, लक्ष देण्याचा नाही, आळसाचा तर नाहीच, हे सिद्ध झाले.

मग ही माणसे बोललेले कसे समजतात? ‘तो आला.’ आणि ‘तो आला?’ या दोन वाक्यांत शब्द तेच, फरक फक्त शेवटच्या सुराचा. प्रश्न विचारताना आपण आवाज एका पट्टीने नव्हे, बहुधा कित्येक पट्ट्यांनी वर नेतो. एवढी मोठी उडी स्वरबहिऱ्यालाही दिसते. भाषेचे जिने उंच पायऱ्यांचे, संगीताच्या पायऱ्या बारीक. फरक मुद्दाम बारीक केला तर बोलण्यातही त्यांची थोडी गफलत होते, असे नंतर आढळले. पण घरात, बाजारात, सभेत त्यांचे काही अडत नाही. गाणे ते शब्दांवरून ओळखतात. शब्द काढून नुसती चाल वाजवली की त्यांच्या आयाबहिणींनी गायिलेले गाणेही परके होते.

आता या दोषाचे घर कोठे आहे ते पाहू. कानाच्या वर, मेंदूच्या बाजूला ध्वनीचा पृथक्करण करणारा भाग आहे, आणि कपाळामागे त्या ध्वनींचा क्रम लक्षात धरून ठेवणारा भाग आहे. या दोहोंच्या दरम्यान मज्जातंतूंची कमानीसारखी जुडी जाते. स्वरांच्या बाबतीत उजव्या बाजूचा व्यवहार अधिक महत्त्वाचा. स्वरबहिऱ्यांत ही उजवीकडची वाहतूक मंद असते, असे निरनिराळ्या तपासण्यांत दिसले. बोस्टनच्या संशोधकांनी २००९ साली ही जुडीच क्षीण असल्याचे दाखवले. मोजण्याच्या पद्धतीवरून त्यावर पुढे वादही झाला, आणि तो होणे चांगलेच. पण त्याहून विलक्षण गोष्ट निराळी आहे. माँट्रियलच्या २००९ सालच्या एका प्रयोगात स्वर पाव अंतराने, म्हणजे अर्ध्या पट्टीने चुकवला असता स्वरबहिऱ्या माणसाच्या मेंदूने सेकंदाच्या अल्पशा अंशात त्याची विद्युत्‌नोंद केली. मेंदूने चूक टिपली. माणसाला तिचा पत्ताच नाही! कारखान्यातला एखादा कामगार तक्रार लिहून पेटीत टाकतो, आणि ती मॅनेजरच्या टेबलापर्यंत पोचतच नाही, तसला हा प्रकार. २००८ साली बोस्टनच्याच मंडळींना आणखी एक गंमत आढळली. दोन स्वर ऐकवून, दुसरा वर गेला की खाली, असे विचारले तर ही माणसे चुकत. तेच दोन स्वर गुणगुणून दाखवा म्हटले तर गळा योग्य दिशेला जाई. म्हणजे गळ्याला ठाऊक आणि मालकाला नाही.

अशी माणसे किती? १९८० साली कॅल्मस आणि फ्राय यांनी बिघडवलेल्या चाली ऐकवून शंभरात चार असा अंदाज केला, आणि तो आकडा पुष्कळ वर्षे चालला. २०१७ साली पेरेत्झ आणि वुवान यांनी सुमारे वीस हजार लोकांच्या चाचण्यांवरून तो दीड टक्क्यावर आणला. दोष बराचसा घराण्यातून येतो: २००७ सालच्या पाहणीत स्वरबहिऱ्यांच्या आईबाप-भावंडे-मुलांपैकी ३९ टक्क्यांत तो सापडला, इतर कुटुंबांत ३ टक्क्यांत. संगीताच्या घराण्यांप्रमाणे बेसुरांचीही घराणी असतात म्हणावयाची!

आता दुसरा आकडा याच्या शेजारी मांडा. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात दोन हजार विद्यार्थ्यांना विचारले असता १७ टक्क्यांनी आपण स्वरबहिरे असल्याचे सांगितले. त्यांतल्या काहींची चाचणी घेतली तेव्हा बहुतेक जण सरळ उत्तीर्ण झाले. ही पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. दीड आणि सतरा! मधली सगळी माणसे कोणाच्या तरी शेऱ्यामुळे स्वतःला अपात्र समजून बसलेली. तोंड हलव म्हणणाऱ्या गुरुजींचे काम या मधल्या जागेत चालते. या माणसांना गळा लावण्याची सवय नाही, इतकेच. सवय लावल्याने लागते.

जन्मतः नसलेला दोष पुढे आघाताने येऊ शकतो. क्नोब्लाउख या जर्मन वैद्याने १८८८ साली मेंदूत संगीताची कामे कशी वाटलेली असतील याचा आराखडाच मांडला. भाषा आणि संगीत यांची खाती वेगवेगळी आहेत याची साक्ष पुढे रुग्णांनीच दिली. रशियन संगीतकार विसारिओन शेबालिन याला १९५३ आणि १९५९ साली पक्षाघाताचे झटके आले. बोलणे आणि दुसऱ्याचे बोलणे समजणे, दोन्ही पार बिघडले. तरीही तो संगीतरचना करीत राहिला आणि मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९६२ साली, त्याने आपली पाचवी सिंफनी पूर्ण केली. फ्रेंच संगीतकार राव्हेल याची दशा याहून करुण. त्याला ऐकू येई, वादकाची चूकही कळे, डोक्यात संगीत घुमे. पण ते कागदावर उतरेना. १९३७ साली मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तो वारला. उलट बाजूची साक्ष एका कॅनेडियन स्त्रीची आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांनंतर तिला ओळखीच्या चाली ओळखता येईनात, बोलणे मात्र ठीक. आणि आश्चर्य असे की कोणती चाल आनंदाची आणि कोणती दुःखाची हे ती बिनचूक सांगे.

तालाचे बहिरेपण निराळे. ते दुर्मिळ आहे आणि त्याची नोंद २०११ साली झाली: संगीताच्या ठेक्यावर डोलता न येणारा, पण संगीत बंद केले की एका लयीत डोलणारा तरुण. या सदरात चे गेव्हाराचे नाव नेहमी घेतले जाते. त्याला टँगो ओळखू येत नसे, म्हणून त्याचा सोबती ग्रानादो खूण करी. १९५२ सालच्या प्रवासात एका समारंभात भलतेच ब्राझिली गाणे लागले. जुनी आठवण येऊन ग्रानादोने त्याला सहज कोपर मारले आणि हा गडी सगळ्यांदेखत टँगो नाचू लागला, असे सांगतात. क्रांतीला ठेका लागतो, पण तो टँगोचाच असावा असे नाही.

काहींना सूर-ताल सगळे कळते, पण त्यात गोडी वाटत नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ साली अशी माणसे दाखवली. पैसे जिंकले की ती खूश होत, गाण्याने नाही. त्यांना अरसिक म्हणून हिणवण्यात अर्थ नाही.

शेवटी दुसऱ्या माणसाकडे, ज्याचे कान यंत्राने खाल्ले त्याच्याकडे वळतो; कारण आमचा रोजचा संबंध त्याच्याशी. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पुढेच असतो. अशा आवाजात वर्षानुवर्षे आठ-आठ, बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या की अंतर्कर्णातल्या केसांसारख्या बारीक पेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या ४००० कंपनांच्या आसपासच्या. त्यामुळे सुरुवातीला माणसाला बहिरेपण जाणवतच नाही. स, श, फ यांसारखे बारीक वर्ण तेवढे गळतात. ‘साठ’ म्हटले की ‘आठ’ ऐकू येते. मजुरीच्या हिशेबात हा विनोद राहत नाही. कधी दोन कानांना एकच स्वर दोन निरनिराळ्या उंचीवर ऐकू येतो, आणि भजनात आयुष्यभर सुरात गायिलेला माणूस एकाएकी गोंधळतो.

एका खटल्यात मालकाच्या बाजूने आमच्यासमोर असा युक्तिवाद झाला की, हा विणकर मुळातच सुराला बहिरा, त्याच्या भजनी मंडळातलेही तसेच सांगतील, मग भरपाई कसली? युक्तिवाद ऐकायला झकास, पण टिकणारा नव्हता. कानांची तपासणी केली की आलेख काढतात. जन्मजात स्वरबहिऱ्याचा आलेख चारचौघांसारखा सरळ असतो, कारण त्याचा दोष कानात नाहीच. गोंगाटाने गेलेल्या कानाचा आलेख ४००० पाशी खाच पडून खाली येतो. दोन रोग, दोन पुरावे. म्हणून शेडमध्ये कामाला लागताना पहिल्याच महिन्यात हा आलेख काढून त्याची प्रत कामगाराने स्वतःजवळ ठेवावी, आणि दर वर्षी नवा काढून जुन्याशी ताडून पाहावा. कानांत घालायचे बोळे स्वस्त मिळतात; कापूस कोंबून भागत नाही.

ज्यांना स्वतःविषयी शंका आहे त्यांनी घरी पेटी काढावी. वाजवणारा पाठमोरा बसवावा. त्याने भूपाच्या स्वरांतली चार-पाच स्वरांची एखादी चाल दोनदा वाजवावी. कधी जशीच्या तशी, कधी गंधार कोमल करून. सारखी की निराळी, एवढेच सांगायचे. वीस वेळा करावे आणि उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. नुसत्या अंदाजाने दहा बरोबर येतात. सोळा-सतरा आली तर गुरुजींचा शेरा पुसून टाकायला हरकत नाही. दहा-अकरावरच थांबली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहावे, आणि घरातल्या भावाबहिणींनाही बसवावे.