कुकरच्या शिट्टीआधीची वाक्यं

पहाटे ५. दूधवाल्याची मोटारसायकल गल्लीत शिरायच्या आत वाचून घ्यायचं. पंखा बंद, खिडकी बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब. ॲपवर एकेक वाक्य येतं. बटण दाबून वाचायचं, एकदा ऐकायचं, पाठवायचं. ‘सोयाबीनवर कोणती फवारणी करू?’ ‘माझ्या खात्यात किती शिल्लक आहे?’ यंत्राला मराठी समजायची तर असली वाक्यं शेकडो गळ्यांतून जावी लागतात, सांगलीच्या नि गोंदियाच्याही. ‘शिल्लक’पाशी आलेय तोच आतून आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, आवाज: “अगं, एवढ्या पहाटे कुणाला हिशेब विचारतीस?” वाक्य पुसलं. पुन्हा.

६ ते साडेनऊ डबे, शाळेची रिक्षा, नळाचं पाणी.

१०. लॅपटॉप. रस्त्याचे फोटो, दिसेल त्या दुचाकीभोवती चौकट काढायची. ऐकायला बालवाडीचं काम वाटतं. पण टेम्पोआड अर्धी लपलेली स्कूटर आली की अडतं: दिसते तेवढीच धरायची, की अंदाजाने पुरी? आरशात दिसणारी मोजायची का? सूचनापत्र त्यावरच लांबलंय. खेपेत मधेमधे उत्तर आधीच ठरलेले फोटो पेरलेले असतात. ते चुकले की अख्खी खेप परत. कोणते पेरलेत हे आम्हाला कळत नाही, आणि कळू नये हेच योग्य. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते कोपऱ्यातल्या तक्त्याबद्दल. तिथे आमची क्रमवारी, तारे, आणि सलग किती दिवस काम केलं त्याची ‘मालिका’. तारे वाढले म्हणून फोटोमागचा दर वाढत नाही. उलट दर उतरला त्याच आठवड्यात बिल्ले सुरू झाले. आमच्या ग्रुपवर एकीने विचारलं, “बिल्ला दाखवून किराणा मिळतो का गं?”

दीड. जेवण. खेळातून काम करून घेण्याला माझा विरोध नाही. चांगलं जमलेलं पाहिलं की कौतुकच वाटतं. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘मायक्रोटास्क’ कंपनीबरोबर २०११मध्ये ‘डिजिटालकूट’ आणलं. जुनी वर्तमानपत्रं स्कॅन झाली होती, पण जुनाट छपाईतले शब्द संगणकाला नीट लागत नव्हते. मग तो शब्दच खेळात टाकला. बरोबर टंकलात तर चिचुंद्रीसारख्या मोल नावाच्या प्राण्यांसाठी पुलाचा आणखी एक तुकडा तयार. चुकलात तर पूल ढासळतो. नवख्याला आधी माहीत असलेले शब्द देऊन पारखायचे. आमच्या पेरलेल्या फोटोंचीच युक्ती, पण तिथे पगार कापला जात नव्हता.

त्याहून बेरकी लुईस फॉन आन. अमेरिकेत कार्नेगी मेलनमध्ये असताना त्याने ‘ईएसपी गेम’ रचला. पुढे २००६मध्ये गूगलने तो ‘इमेज लेबलर’ नावाने घेतला. दोन अनोळखी माणसं, समोर एकच चित्र, एकमेकांशी बोलायची सोय नाही. दोघांनी एकच शब्द लिहिला की गुण. समोरच्याच्या डोक्यात काय आहे हे कळायला मार्ग नाही, म्हणजे चित्रात खरोखर आहे तेच लिहिणं शहाणपणाचं. आधीच मिळालेला शब्द पुढच्या जोडीला बंद. ‘कुत्रा’ गेला की ‘पट्टा’, ‘गवत’ शोधत बसा. खेळाच्या नियमातच कामाची तपासणी. आमचे तारे मात्र काम झाल्यावर वरून चिकटवलेले.

४. पहाटेच्या एका खेपेचा निकाल: ‘पार्श्वभूमीत आवाज’. ऐकून पाहिलं, तर शेजारच्या कुकरची शिट्टी, तीही ‘फवारणी’वरच. तक्रारीची सोय आहे, पण करणार कुणावर? त्यांच्याकडे पाहुणे आले होते.

साडेनऊ. आता फुकटचं काम, मराठी विकिस्रोतावरचं. एका बाजूला जुन्या पुस्तकाचं स्कॅन, दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर. ‘घर’चं ‘धर’, ‘भार’चा ‘मार’. एका गंभीर निबंधात कर्तव्याचा मार वाहायला सांगितला होता. मुद्रितशोधन झालं की पान पिवळं. हिरवं करायला दुसरंच कुणी लागतं, आपलं पान आपल्याला हिरवं करता येत नाही. इथे मला तक्ता नसला तरी चालतं. मधूनमधून स्पर्धा होतात, पानाला गुण मिळतात. तेव्हा चार ओळींच्या कवितेची पानं आधी संपतात नि तळटीपांनी भरलेली मागे राहतात. आज त्यातलंच एक घेतलं. सनावळ्यांतले १ आणि ९ वेगळे करता करता डोळे चुरचुरले, पण पान पिवळं झालं.

पावणेअकरा. फोन किणकिणला: ‘मालिका तुटतेय! फक्त पाच वाक्यं!’ खाली कुत्री भुंकतायत. वाचलं तर खेप परत येणार हे नक्की. पण तारा मिळतो पाठवल्याबरोबर, पैसे मात्र मंजूर झाल्यावर. पाचही वाक्यं कुत्र्यांसकट वाचून पाठवून दिली.