ताडकळस किती अक्षरांचं?

ताडकळसच्या शाळेत पहिलीतल्या पोराला विचारा, आपल्या गावाच्या नावात अक्षरं किती? ता, ड, क, ळ, स. पाच बोटं मोडून तो मोकळा होईल. हेच पायथनला विचारलं तर उत्तर येतं ६, आणि पीएचपीच्या ‘स्ट्रलेन’ला विचारलं तर १८. खोटं कुणीच बोलत नाही. पायथन काना वेगळा मोजतो. पीएचपी बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. सहा त्रिक अठरा.

हे पुराण सांगायचं कारण, आम्हा कोड लिहिणाऱ्यांचं अर्धं काम उसनवारीवर चालतं. अडलं की कुणीतरी आधी सोडवलेला पाच-दहा ओळींचा तुकडा उचलायचा, म्हणजे स्निपेट. असे तुकडे ठेवायला २००२ मध्ये पेस्टबिन आलं. २००८ मध्ये गिटहबचं गिस्ट आणि स्टॅक ओव्हरफ्लो. या उसनवारीत लाजण्यासारखं काही नाही. भानगड होते ती तुकडा येतो आणि त्याची हकिगत मागे राहते तेव्हा.

मी एकदा ‘नाव लांब असेल तर पहिले दहा ठेव’ असा तुकडा डोळे मिटून चिकटवला होता. इंग्रजी नावांवर तो झकास चालला. देवनागरीत दहा बाइट म्हणजे ‘ताड’ आणि वर ‘क’चा एक तृतीयांश! पडद्यावर गावाच्या नावापुढे चौकटीतलं प्रश्नचिन्ह. लिहिणाऱ्याचं चुकलं नव्हतं. त्याच्यासमोर इंग्रजी मजकूर होता, एवढंच त्याने कुठे लिहिलं नव्हतं.

नावाजलेल्या तुकड्यांचंही असंच. बाइटचे किलोबाइट-मेगाबाइट करून दाखवणारं एक जावा फंक्शन आंद्रेआस लुंडब्लाड यांनी २०१० मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवर दिलं. जावाच्या तुकड्यांत ते सर्वाधिक उचललं गेल्याचं पुढे एका अभ्यासात निघालं. त्यात एक बारीक चूक होती: ९,९९,९९९ बाइटला ते १ मेगाबाइटऐवजी १००० किलोबाइट म्हणायचं. २०१९ मध्ये ती चूक त्यांनी स्वतःच जाहीर केली. मूळ उत्तर दुरुस्त झालं. जगभर चिकटवलेल्या प्रती कोण दुरुस्त करणार?

आता आपल्याच घरातला नमुना. ‘शेतकऱ्यांची यादी’ शोधायला गेलं की काही याद्या सापडतच नाहीत. कारण ‘ऱ्यां’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबलं की ‘ऱ’ मिळतो, त्याला हलन्त लावायचा. ही एक तऱ्हा. साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, ही दुसरी. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन निराळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. शोधण्याआधी एका तऱ्हेचं दुसरीत रूपांतर करणारी एक ओळ घालावी लागते. अशी ओळ मराठी माणसाने लिहून ठेवली नाही, तर दुसरं कोण लिहिणार?

तुकड्यासोबतच्या सेटअपच्या टिपणात बहुतेकजण ‘हे टाका, मग ते चालवा’ एवढंच लिहितात. मला त्याहून मोलाची वाटते ती कंटाळवाणी ओळ: कुठल्या आवृत्तीवर, कुठल्या तारखेला, कशासाठी. आवृत्तीने किती फरक पडतो, त्यासाठी ताडकळसच्या तालुक्याचं नाव घ्या: पूर्णा. वाचकाला दिसणारी अक्षरं मोजण्याचा युनिकोडचा एक नियम आहे. जुन्या नियमाने ‘पूर्णा’ तीन अक्षरांचं, कारण ‘र्’ आणि ‘णा’ वेगळे पडायचे. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षर एकच धरायचं ठरलं, आणि ‘पूर्णा’ दोन अक्षरांचं झालं. कोडची ओळ तीच, उत्तर मात्र वेगळं.

तेव्हा कोड लिहिणाऱ्या मंडळींनो, पुढचा तुकडा मित्राला धाडण्याआधी तो ‘पूर्णा’वर आणि ‘शेतकऱ्या’वर चालवून बघा, आणि खाली आवृत्तीची ओळ टाका.